बाजाररस्त्यावरचं वाळवण

जयदेव टिपणीस पालिकेच्या त्या सभेला गेले, त्यात शहराबद्दलची कळकळ वगैरे काही नव्हती. त्या दिवशी घरी गिझर दुरुस्त करणारा यायचा होता. गिझर दुरुस्त करणारा आला की तो टिपणीसांना नेमके असे प्रश्न विचारतो, ज्यांची उत्तरं फक्त मालिनीबाईंना ठाऊक असतात. "साहेब, मेन कॉक कुठंय?" आता हा काय प्रश्न झाला? ज्या माणसाने अख्खी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनं तपासण्यात घालवली, ज्याने एकदा भरलेला टँकर गेटवरून परत पाठवला आणि ड्रायव्हरच्या रडण्याला भीक घातली नाही, त्याला मेन कॉक विचारायचा? तेव्हा टिपणीस म्हणाले, "मी जरा शहराचं बघून येतो," आणि चपला सरकवून बाहेर पडले.

शहराचं बघायला तिथे खरोखरच एक सभा भरली होती. विषय : 'स्टेशन परिसर पुनरुज्जीवन आराखडा'. हे नाव उच्चारताना सूत्रसंचालकालासुद्धा मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला. अर्थ मात्र सोपा होता. स्टेशनसमोरचा जुना बाजाररस्ता, ज्याच्यावरून सगळ्यांना जावं लागतं आणि कोणालाच जावंसं वाटत नाही, तो वाहनांना बंद करायचा. तिथे झाडं, बाकं, दिवे लावायचे. गाव आपलं पोट आवळून धरून बसलंय, त्याला जरा मोकळा श्वास घेऊ द्यायचा.

हे सगळं राजसी नावाची मुलगी सांगत होती. सल्लागार कंपनीतर्फे ती मुंबईहून आली होती. चष्मा तिच्या चेहऱ्याहून मोठा आणि आवाज तिच्या अंगापिंडाहून मोठा. तिने भिंतीवर एक चित्र दाखवलं. टिपणीसांना त्यात आपला बाजाररस्ता ओळखूच येईना. शेवटी होतूमल शेठच्या चादरींच्या दुकानाची पाटी दिसली, तेव्हा खूण पटली. बाकी सगळं परकं. उंचउंच माणसं निवांत चाललेली. एकीच्या हातात फुगा, दुसरीच्या हातात कुत्र्याची दोरी. आणि बाजारात आलेल्या एकाच्याही हातात पिशवी नाही.

प्रश्न विचारा म्हटल्यावर सगळी सभा एका सुरात म्हणाली, "पार्किंगचं काय?" टिपणीसांनी मात्र हात वर करून विचारलं, "झाडं कुठली लावणार?" हा प्रश्न त्यांनी जिज्ञासेपोटी विचारला नव्हता. कारखान्यात मीटिंगला गेल्यावर एक तरी प्रश्न विचारायचा, म्हणजे आपण जागे होतो हे सिद्ध होतं, ही त्यांची जुनी सवय. पण राजसीच्या डोळ्यांत एकदम पाणीच तरळलं. अठरा सभांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होता म्हणे. सभा संपता संपता टिपणीस 'नागरिक प्रतिनिधी' झाले. गळ्यात निळी फीत आणि फितीला ओळखपत्र.

घरी आले तेव्हा गिझर सुरू झाला होता. मेन कॉक बाथरूमच्या दाराच्या मागे होता.

"गळ्यात काय ते?" मालिनीबाईंनी विचारलं.

"जबाबदारी," टिपणीस म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी टिपणीसांनी कोणालाच सांगितली नव्हती. मालिनीबाई वर्षभर त्या बाजारात गेल्या नव्हत्या. मागच्या उन्हाळ्यात एका स्कूटरच्या आरशात त्यांच्या पिशवीचा बंद अडकला आणि पिशवीबरोबर त्याही चार पावलं ओढल्या गेल्या. लागलं फारसं नाही. गुडघा खरचटला आणि टोमॅटोंचं सार झालं. पण त्या दिवसापासून त्या बाजारात जायच्या बंद झाल्या. भाजी फोनवरून यायला लागली. सगळ्या भेंड्या एका मापाच्या, सैनिकी शिस्तीच्या. गोजरबाईकडे भाजी घेताना जी अर्धा तास भांडाभांडी आणि गावभरची खबरबात चालायची, ती बंद झाली. मालिनीबाई म्हणायच्या, "बरंच झालं, वेळ वाचतो." आणि तो वाचलेला वेळ खिडकीत उभ्या राहून घालवायच्या. टिपणीसांना हे दिसत होतं. तो रस्ता जर खरंच चालण्याजोगा झाला, तर... पण असल्या गोष्टी बायकोला तोंडावर सांगायची पद्धत टिपणीसांच्या पिढीत नव्हती.

आराखडा मंजूर होण्याआधी एक चाचणी होणार होती. एप्रिलमधला एक रविवार, बाजाररस्ता सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाहनांना बंद. विजेच्या खांबांवर कॅमेरे बसणार आणि ते माणसं मोजणार. राजसीने टिपणीसांना समजावून सांगितलं.

"काका, येणारे-जाणारे नाही मोजायचे. ते तर रोजच येतात-जातात. थांबणारे मोजायचेत. लोक रेंगाळले पाहिजेत."

"कशासाठी?"

"कशासाठीच नाही. तोच तर पॉइंट आहे."

"म्हणजे... विनाकारण?"

"एक्झॅक्टली!"

टिपणीस हादरले. आमच्याकडे विनाकारण कोणी थांबत नाही हो. थांबलाच, तर दोन मिनिटांत तिघंजण येऊन "काय हरवलं का?" म्हणून जमिनीकडे बघायला लागतात. चौथा पाणी आणतो. पाचवा ॲम्ब्युलन्सला फोन लावतो. नुसतं उभं राहायचं असेल तर माणसाला हातात फोन तरी धरावा लागतो, नाहीतर पानाच्या टपरीशी काहीतरी लागेबांधे तरी दाखवावे लागतात.

आणि लोक थांबले नाहीत तर? तर आराखडा बासनात. मग व्यापारी संघाची दुसरी मागणी तयारच होती : त्याच रस्त्यावर दुचाक्यांसाठी कायमचा वाहनतळ. या मागणीच्या मागे होतूमल शेठ होते. उल्हासनगरात त्यांच्या वडिलांनी फाळणीनंतर हातगाडीवर चादरी विकल्या, मुलाने अंबरनाथला दुकान थाटलं. माणूस गोड, पण मत कडक.

"अरे टिपणीस साईं," ते गल्ल्यावरून म्हणाले, "गाडी नाही येणार तर गिऱ्हाईक काय उडत येणार? तुमच्या त्या फोटोतला कुत्ता चादर खरीदणार का?"

गोजरबाई जांभूळ गावाहून भाजीच्या पाट्या घेऊन येणारी, रस्त्याच्या तोंडाशी तिची जागा तिच्या सासूपासूनची. टिपणीसांनी तिला मोबाइलवर ते चित्र दाखवलं. तिने मोबाइल लांब धरून, जवळ धरून, तिरका धरून पाहिला.

"यांच्यान मी कंची?"

टिपणीस चाचरले. चित्रात भाजीवाली नव्हतीच.

"ही फुगेवाली मीच असन," गोजरबाईने निकाल दिला. "जरा बारीक काढलीन मना, पन चालंल. आनि मालूताई कुठं हाय? वरीस झाला, तोंड नाय दिसला तिचा."

टिपणीस म्हणाले, "येईल," आणि घाईने मोबाइल खिशात टाकला.

लोकांना विनाकारण थांबवायचं कसं, यावर सोसायटीच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा, वय वर्षं ब्याऐंशी, म्हणाले की माझं 'आणीबाणी आणि मी' हे व्याख्यान ठेवा. समोरच्या फ्लॅटमधल्या विनिताने झुंबा सुचवला. तिची मैत्रीणच झुंबा शिकवते. सोसायटीचा सेक्रेटरी समीर, जो प्रत्येक वाक्याची सुरुवात 'बेसिकली' अशी करतो, त्याने चौदा मुद्द्यांचा एक तक्ता पाठवला, जो उघडलाच नाही. टिपणीसांनी सगळ्यांचा मान ठेवला. मांडववाल्याकडून लाल खुर्च्या ठरवल्या. एका रोपवाटिकेकडून कुंड्या उसन्या आणल्या. झुंबावालीला वेळ दिली. कारखाना सोडल्यापासून त्यांचा फोन इतका कधी वाजला नव्हता. कोणी फोन केला की ते मुद्दाम दोन रिंगा जाऊ देत.

याच गडबडीत कधीतरी मालिनीबाई म्हणाल्या, "अहो, गहू भिजत घातलेत कुरडयांचे. समीरला गच्चीच्या किल्लीचं तेवढं सांगून ठेवा."

टिपणीस तेव्हा मांडववाल्याशी खुर्च्यांच्या रंगावर वाद घालत होते. "हो हो," ते म्हणाले. ते 'हो हो' तिथेच, स्वयंपाकघराच्या दारात, पडून राहिलं.

ज्यांनी कुरडया फक्त तळून खाल्ल्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा, तोही हात न थांबवता, नाहीतर गाठी. आणि मग तो गरम असतानाच सोऱ्यातून उन्हात घालायचा. या सगळ्यात 'जरा थांब' म्हणायला कुठे जागाच नाही. आंबलेला चीक कोणाची वाट बघत नाही. तो सासऱ्यांची बघत नाही, गॅसच्या सिलिंडरची बघत नाही आणि सोसायटीच्या ठरावांचीही बघत नाही.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मालिनीबाई जिना चढून गच्चीच्या दाराशी गेल्या. दाराला कुलूप आणि कुलपावर कागद : 'वॉटरप्रूफिंगचे काम. मंगळवारपर्यंत पाऊल ठेवू नये.'

"बेसिकली काकू," समीर म्हणाला, "मी ग्रुपवर टाकलं होतं. कोणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. उलट काकांनी तर सगळ्यात आधी अंगठा दिला."

टिपणीसांनी मोबाइल काढून पाहिलं. खरंच, त्यांचा अंगठा तिथे ताठ उभा होता. 'खुर्च्या पोचतील' या निरोपाला दिलेला अंगठा एक ओळ वर पडला होता.

मालिनीबाईंनी आदळआपट केली नाही, भांडं जोरात ठेवलं नाही, आईकडे किंवा बहिणीकडे फोन लावला नाही. जेवायला वाढलं, तेही नीट, पापडासकट. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला कळतं की आवाज असला तर हवामान ठीक आहे. टिपणीस रात्रभर कूस बदलत राहिले. पिंपातल्या चिकाचा आंबूस वास सगळ्या घरात भरून राहिला होता, आणि तो वास त्यांच्याकडे बोट दाखवत होता.

रविवारी सकाळी बाजाररस्त्याच्या दोन्ही टोकांना अडथळे लागले. झाडलोट झाली होती. खुर्च्या मांडल्या, कुंड्या ठेवल्या, राजसीने खांबांवरचे कॅमेरे चालू केले. आणि रस्ता इतका रिकामा, इतका स्वच्छ दिसला की टिपणीसांना आपला वाटेना.

इतरांनाही वाटला नाही. लोक अडथळ्यापर्यंत यायचे, आत डोकावायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "कोण गेलं?" कोणी गेलं नाही म्हटल्यावर विचारायचे, "मग कोण येतंय?" कोणी येतही नाही, असं कळल्यावर त्यांचा संशय पक्का व्हायचा आणि ते मागच्या गल्लीतून जायचे. आनंदनगरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले दोघंजण खुर्च्यांवर टेकले. पण समोर रिकाम्या जागेत माइक दिसल्यावर 'भाषण आहे रे' असं म्हणून पळाले. तो माइक अण्णांसाठी होता. झुंबावालीचा निरोप आला की पाय मुरगळलाय. कुंड्यांमधल्या जास्वंदी नऊ वाजताच माना टाकून बसल्या.

गल्ल्यावरून होतूमल शेठ हसत नव्हते, हे जास्त लागणारं होतं. ते नुसते बघत होते, जसं आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस बघतो. "चाय घ्या, साईं," ते म्हणाले. "टेन्शन नका घेऊ. पार्किंगचा ठेका तुमच्या ओळखीच्या कोणाला देऊ."

टिपणीसांनी चहा घेतला नाही. ते एका खुर्चीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने उठून दुसऱ्या खुर्चीवर बसले. मग तिसऱ्या. एकदा टोपी घालून, एकदा काढून. थोड्या वेळाने राजसीचा फोन आला. ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला संगणक घेऊन बसली होती.

"काका," ती फार हळुवारपणे म्हणाली, "कॅमेऱ्याला चेहरा कळतो."

दहा वाजत आले. ऊन चढलं. आणि तेव्हा गल्लीच्या तोंडातून मालिनीबाई आल्या.

त्यांच्या आणि विनिताच्या मध्ये वाफाळतं पातेलं होतं, दोन्ही बाजूंनी फडक्यांनी धरलेलं. विनिताच्या खांद्यावर प्लॅस्टिकचे कागद, मालिनीबाईंच्या काखेत सोऱ्या. अडथळ्यावरच्या होमगार्डने हात आडवा केला. मालिनीबाई म्हणाल्या, "हे वाहन आहे का?" त्याने पातेल्याकडे पाहिलं, हात खाली घेतला.

टिपणीस धावत गेले. "अगं, हे काय? इथे कुठे?"

"रस्ता रिकामा आहे ना? ऊन आहे ना? स्वच्छ झाडलाय ना?"

"अगं पण हा काही वाळवणासाठी नाही! ही नागरी... ही शहराची चाचणी आहे. वर कॅमेरे आहेत. मोठे साहेब यायचेत!"

"तुमच्या चित्रातली ती बाई कुत्रं घेऊन येते ते चालतं," मालिनीबाई म्हणाल्या. काल संध्याकाळपासूनचं हे त्यांचं पहिलं लांब वाक्य. "मी चीक घेऊन आले. सरका. थंड झाला तर सोऱ्यातून यायचा नाही."

टिपणीस सरकले. मालिनीबाई कागदाशी बसल्या, सोऱ्या भरला, आणि त्या चाचणीच्या रस्त्यावर पहिली कुरडई पडली. गोल, पांढरीशुभ्र, लेससारखी. भर बाजारात आपल्या गळ्यात ओळखपत्र आणि पायाशी बायको कुरडया घालत्येय, या प्रसंगाला कुठला चेहरा करावा हे टिपणीसांना सुचेना. त्यांनी गळ्यातली फीत शर्टाच्या आत सारली.

ही बातमी कुठल्या वाटेने पसरली ते सांगता येणार नाही. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता नुसत्या इमारती. कोणाच्या गच्चीवर सोलर, कोणाच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर, कोणाच्या गच्चीला नुसतंच कुलूप. आत हवाबंद डब्यांत पिठं, उडदाचे गोळे, मिरच्यांची पोती आणि जिवाची तगमग. वरच्या एका खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "ओ काकू, ऊन कसं आहे खाली?"

"कडकडीत!" मालिनीबाईंनी मान वर न करता सांगितलं.

बस्स. जिन्यांवर पावलं वाजायला लागली. कोणी जुन्या नऊवाऱ्या आणल्या, कोणी चटया, कोणी चक्क पलंगपोस. पोह्यांचे पापड आले, साबुदाण्याच्या पापड्या आल्या, सांडगे आले, मसाल्याच्या मिरच्या लालबुंद पसरल्या. अकराच्या सुमाराला एक टेम्पो अडथळ्याशी येऊन थांबला आणि त्यातून उल्हासनगरच्या सात बायका परातींसकट उतरल्या. पुढे होत्या लाजवंतीभाभी, होतूमल शेठच्या सौभाग्यवती. त्यांच्यामागे त्यांच्या जावा आणि बहिणी, आणि परातींत पापडांसाठी तांदळाचा वाफवलेला खीचा.

होतूमल शेठ गल्ल्यावरून उभे राहिले. "अरी, तू इधर?"

"घर पे छत है क्या?" भाभी म्हणाल्या. "आपनेही बेच दी टॉवरवालों को. हटो, बीच में मत खड़े रहो, साया पड़ता है."

शेठनी आपली सावली उचलली आणि ते आत गेले. पण दहा मिनिटांत त्यांच्या दुकानासमोर रांग लागली. धूळ बसू नये म्हणून सगळ्यांनाच वरून घालायला मलमल हवी होती. रांगेत एकही जण गाडीवरून आलेला नव्हता. शेठ मलमल फाडता फाडता मध्येच थांबून रांगेकडे बघत, मग पुन्हा फाडत.

पण खरी गंमत पुढेच. वाळवण घातलं की काम संपत नाही, सुरू होतं. ते राखावं लागतं. कावळे आहेत, चिमण्या आहेत, बाजारातली दोन बोकडं आहेत. बायकांना घरी स्वयंपाक होता. तेव्हा पूर्वापार जे होत आलंय तेच झालं. घरातल्या निरुपयोगी माणसांना खाली बोलावण्यात आलं. निवृत्त बाप, आजोबा, सुट्टीवरचे नवरे, परीक्षा संपलेली पोरं. प्रत्येकाच्या हातात एक काठी आणि एकच हुकूम : "हलायचं नाही."

लाल खुर्च्या कमी पडल्या. लोकांनी घरून स्टुलं आणली. एकदा माणूस काठी घेऊन बसला की शेजारच्या काठीवाल्याशी बोलणारच. कोणाची शुगर, कोणाचा जावई, जांभूळच्या पाण्याचा दाब. गोजरबाई लिंबू-सरबत विकायला लागली. मग आपली जागा सोडून ती मालिनीबाईंच्या शेजारी फतकल मारून बसली. "वरीसभर कंच्या गावाला गेलतीस गं? मना वाटला, मोठी मानसं झाली, मॉलान जातात." मालिनीबाईंनी हातातला सोऱ्या थांबू दिला नाही, पण म्हणाल्या, "तुझी मेथी नाही गं मिळत तिकडे." आणि दोघींची वर्षभराची थकबाकी सुरू झाली. टिपणीस जरा अंतरावरून ते बघत होते.

एवढं सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर काहीतरी बिघडायलाच हवं. दुपारी मुख्याधिकारी साहेब पाहणीला आले, आणि त्याच मुहूर्तावर राजसीच्या कंपनीचा ड्रोन चित्रीकरणाला वर उडाला. साहेबांना पाऊल टाकायला जागा नव्हती. टिपणीस पुढे, "सांभाळून, कुरडई... इकडून, सांडगे... तो पाय जरा उचला, साहेब," असं म्हणत त्यांना नेत होते. कारखान्यात त्यांनी परदेशी पाहुण्यांनाही इतक्या काळजीने फिरवलं नव्हतं. साहेब एका पायावर उभे असतानाच ड्रोन खाली आला. त्याचा वारा असा सुटला की उडदाचे अर्धवट वाळलेले पापड पतंगासारखे वर गेले. एक साहेबांच्या डोक्यावर उतरला. पाठोपाठ मिरच्यांच्या चादरीवरून लाल धूळ उठली, आणि अख्खा बाजाररस्ता एका वेळी ठसकला.

अण्णा सकाळपासून मिरच्यांवर नेमलेले होते. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांना वर काहीतरी काळं, घोंघावणारं, वाळवणावर झेपावताना दिसलं. त्यांना हुकूम होता तो साफ होता. त्यांनी काठी फिरवली. ड्रोन सांडग्यांत पडला.

मग अण्णांचा आवाज : "केवढे कावळे झालेत हल्ली!"

राजसी धावत आली. साहेब खोकत होते. टिपणीसांनी शर्टातली फीत बाहेर काढली, गळ्यातून उतरवली आणि मुठीत धरली. आता स्वतःच देऊन टाकावी, त्यात निदान अब्रू आहे. वाहनतळ होणार. मालिनीबाई पुन्हा खिडकीत.

"साहेब," ते म्हणाले, "ह्या सगळ्याला मी जबाबदार आहे. गच्चीची किल्ली मी घ्यायची विसरलो."

साहेबांना यातलं काही कळलं नाही. ते काही विचारणार, तेवढ्यात मालिनीबाईंनी त्यांच्या हातात वाटी दिली. वाटीत उरलेला चीक, वर तूप आणि साखर. "ठसका थांबेल. बसा आधी." साहेब बसले. एक चमचा खाल्ला. मग दुसरा. ते नुसते खात होते. तेवढ्यात विनिता घाईघाईने आली. "अहो दादा, माझा गॅस चालू राहिलाय वरती. ही काठी धरा जरा, आलेच. तो डाव्या बाजूचा कावळा फार आगाऊ आहे."

साहेबांनी काठी धरली. विनिता चांगली अर्ध्या तासाने आली. तोवर साहेब हलले नव्हते, आणि डाव्या बाजूच्या कावळ्याला त्यांनी दोनदा परतवलं होतं.

राजसी मात्र सांडग्यांतून ड्रोन उचलायचं सोडून संगणकाकडे बघत उभी होती. "काका, काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "मशीन म्हणतंय, लोक तासन् तास बसलेत. असा आकडा आमच्याकडे कुठल्याच शहरात आलेला नाही."

"मशीन बरोबर आहे," टिपणीस म्हणाले. आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी पुढे जोडलं, "पास."

पुढे आराखडा सभेत मंजूर झाला. होतूमल शेठनी व्यापारी संघातर्फे पाठिंब्याचं भाषण केलं, तेही असं की ही कल्पना मुळात त्यांचीच होती. मंजूर कागदांत एक कलम नवं आलं : 'उन्हाळी हंगामात रविवारी सदर जागेचा बहुउद्देशीय घरगुती वापर.' याचा अर्थ वाळवण, हे फक्त गावाला कळतं. राजसीने चित्रही बदललं. कुत्रेवाली बाई तशीच राहिली, पण तिच्या बाजूला एक बाई काढली, पिशवीवाली. गोजरबाई म्हणते, फुगेवालीला आता जरा अंगानं भरायला हवं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी संध्याकाळी ऊन उतरलं आणि बायकांनी वाळवण उचललं. कुरडया अजून कच्च्या होत्या. आणखी दोन दिवस घरातल्या घरात पंख्याखाली काढायच्या होत्या. चादरी झटकल्या, परातींवर फडकी पडली, लाजवंतीभाभींचा टेम्पो उल्हासनगरला गेला. कावळेही गेले. राखायला काहीच उरलं नाही. टिपणीस मांडववाल्याला फोन लावणार होते, खुर्च्या न्यायला या म्हणून. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की खुर्च्या रिकाम्या झालेल्याच नाहीत.

अण्णा मांडीवर काठी आडवी ठेवून होमगार्डला आणीबाणी सांगत होते. गोजरबाई रिकाम्या पाटीवर बसून पाय चोळत होती. होतूमल शेठनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं आणि ते बाहेर स्टुलावर येऊन बसले होते. दिवे लागले. समोरून एक माणूस पिशवी घेऊन चालत गेला, हळू, रस्त्याच्या अगदी मधून, मागे वळून न बघता.

टिपणीस मालिनीबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "ती किल्ली... माझ्या डोक्यातून साफच गेली."

"माहितीय मला."

"घरी जायचं ना? गुडघा दुखत असेल."

मालिनीबाईंनी पाय लांब केले. त्यांच्या पदराला चीक वाळून कडक झाला होता.

"बसा हो जरा."

"आता कशाला?"

"असंच," मालिनीबाई म्हणाल्या.

वर खांबावर कॅमेऱ्याचा बारीक हिरवा दिवा अजून चालू होता. टिपणीसांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, चपला काढल्या आणि खुर्चीत नीट मागे रेलून बसले.